पांढऱ्यावर पांढरं : डिंग भांड्यांच्या नक्षीमागे हबेई प्रांतात

चीनच्या सोंग काळातली (दहावं ते तेरावं शतक) डिंग नावाची मातीची भांडी पहिल्यांदा बघणाऱ्याला बहुतेक वेळा नुसती पांढरी दिसतात. नक्षीला वेगळा रंगच नसतो. कोरलेल्या रेषेत झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, किंचित जाड साचते, तिथे तिचा हस्तिदंती रंग जरासा गडद होतो, आणि एवढ्याशा फरकावर अख्खं कमळ उभं राहतं. उजेड समोरून पडला तर नक्षी पुसल्यासारखी वाटते, तिरपा पडला की उमटते. म्हणूनच फोटोत ही भांडी कळत नाहीत. मी पुण्यात मातीकाम करते, चाकावर बसते, त्यामुळे हे काम एकदा जवळून बघायचं फार मनात होतं. माझी मामेबहीण बीजिंगमध्ये असते, तिला चिनी उत्तम येतं. ऑक्टोबरमध्ये, चिन्यांची राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी उरकल्यावर, आम्ही दोघी निघालो. बीजिंगहून दक्षिणेला डिंगझोऊ, तिथून पश्चिमेला डोंगराकडे छूयांग, आणि शेवटी शिजियाझुआंग असा मार्ग ठरवला.

मंगळवार : बीजिंग

राजवाडा म्हणजे फॉरबिडन सिटी. तिकीट पासपोर्टच्या नंबरावर आधीच काढावं लागतं. बहुतेक लोक आत शिरले की सरळ सिंहासनांच्या दालनांकडे जातात. आम्ही पश्चिमेला वूयिंग दालनाकडे वळलो, तिथे मातीच्या भांड्यांचं कायमचं प्रदर्शन आहे.

डिंगचं सगळ्यात प्रसिद्ध काम म्हणजे बाळाच्या आकाराची उशी. लांबी साधारण ३० सेंटिमीटर, उंची १८. एक गुटगुटीत मुलगा पलंगावर पालथा झोपलाय, हातांची घडी घालून त्यावर डोकं टेकवलंय, पाय मागे वर उचलून एकमेकांत अडकवलेत. उजव्या हातात रेशमी चेंडू. त्याची पाठ म्हणजे उशी, तिथे डोकं ठेवायचं. अंगरख्यावर ठशांनी उठवलेली गोल फुलं आहेत आणि पलंगाच्या बाजूंवरही नक्षी आहे. सगळे त्या चेहऱ्याकडेच बघतात, आणि चेहरा आहेच तसा. पण मला अंगरख्याने धरून ठेवलं. कापडाच्या चुण्या आणि त्यांवर पसरलेली फुलं या दोन्ही गोष्टी एकाच पांढऱ्यात दाखवायच्या, तर खोली किती ठेवायची याचा अंदाज केवढा पक्का हवा! फूल जरा जास्त उठलं असतं तर चुणी मेली असती.

बाजूच्या कपाटात एक उथळ वाडगा होता. आत एकच कमळ, त्याचं कडेने दिसणारं पान, आणि पाण्यात वाढणाऱ्या एका झाडाचं बाणाच्या टोकासारखं पान. बस्स. मी समोर उभी राहून डोळे ताणत होते.

"अगं, समोरून काय बघतेस? अशी बाजूला ये," ताई म्हणाली.

बाजूला सरकले आणि देठाची अख्खी वळणदार रेघ एकदम दिसली. पुढे सगळा प्रवासभर मी कपाटांच्या कोपऱ्यांतच उभी राहिले.

वाडग्याच्या काठाला तांब्याची पातळ पट्टी होती. डिंग भांड्यांना ती बहुधा असतेच, कुठे तांब्याची, कुठे चांदीची, कुठे सोन्याची. अकराव्या शतकाच्या सुमारापासून हे कुंभार वाडगे भट्टीत पालथे, काठावर उभे करून भाजू लागले. पायऱ्या असलेल्या कड्यांवर एकावर एक पालथे रचले की थोड्या जागेत पुष्कळ माल मावतो आणि पातळ काठ वाकडा होत नाही. पण ज्या काठावर भांडं टेकतं तिथे झिलई ठेवता येत नाही, नाहीतर ते चिकटून बसेल. म्हणून काठ कोरा आणि खरखरीत, आणि त्यावर धातूची पट्टी. नक्षीवर याचा परिणाम असा, की वाडग्याचा आतला भाग तळापासून काठापर्यंत सलग मोकळा मिळाला. आत कुठेही टेकूचा डाग नाही. एवढी मोठी स्वच्छ जागा मिळाली म्हणूनच ते कमळ इतकं सैलपणे पसरलंय.

बुधवार : डिंगझोऊ

बीजिंग पश्चिम स्थानकावरून वेगवान गाडीने तासाभरात डिंगझोऊ. मक्याची कापणी झाली होती, गावांमधल्या छपरांवर आणि अंगणांत पिवळी कणसं वाळत पडलेली. सकाळी बाजरीसारख्या बारीक धान्याची पातळ पेज आणि वाफवलेले पाव खाल्ले, ते पोटाला दुपारपर्यंत पुरले.

शहरात शिरताच काइयुआन मंदिराचा मनोरा दिसतो. अकरा मजले, आठ बाजू, ८४ मीटर उंच. चीनमधल्या विटांच्या सगळ्यात उंच जुन्या मनोऱ्यांपैकी हा एक. हुइनंग नावाचा इथला एक भिक्षू हिंदुस्थानात जाऊन ग्रंथ आणि बुद्धाचे अवशेष घेऊन परतला, आणि ते ठेवण्यासाठी सोंग सम्राटाने १००१ मध्ये बांधकामाचा हुकूम दिला. पुरं व्हायला १०५५ साल उजाडलं. तेव्हा डिंगझोऊ सरहद्दीवर होतं, उत्तरेला खितान लोकांचं लियाओ राज्य. मनोऱ्यावरून शत्रूवर नजर ठेवत, म्हणून त्याचं दुसरं नावही त्याच अर्थाचं आहे. १८८४ मध्ये एक बाजू कोसळली होती, ती अलीकडच्या काळात पुन्हा बांधून काढली.

आम्हाला मात्र ओढ होती ती इथल्या संग्रहालयाची. १९६९ मध्ये डिंगझोऊत दोन जुन्या मनोऱ्यांच्या पायाखाली बंद तळघरं सापडली. एक जिंगझी मंदिराचं, ९७७ साली बंद केलेलं, दुसरं जिंगझोंगयुआनचं, ९९५ सालचं. बुद्धाच्या अवशेषांबरोबर लोकांनी वाहिलेल्या वस्तू आत ठेवलेल्या: चांदी, काच, नाणी आणि दीडशेहून जास्त डिंग भांडी. अभ्यासकांच्या दृष्टीने यात सोनं म्हणजे त्या तारखा. भांडं हातात घेऊन ते कधीचं हे सांगणं अवघड, पण ९७७ साली कोंडलेलं भांडं त्यानंतरचं असूच शकत नाही. डिंग नक्षीचा काळ लावताना सगळेजण या दोन तळघरांपासून सुरुवात करतात.

दालनाच्या मध्यात एकट्याने उभी आहे ती कुंडिका. साठ सेंटिमीटरहून उंच, मातीच्या भांड्याला ही उंची खूप झाली. फुगीर पोट, खांद्यावर ड्रॅगनच्या तोंडाची तोटी, वर निमुळती मान, मानेच्या मध्ये एक चकती आणि त्यावर बारीक नळीसारखं टोक. हा घाट आपल्याकडचा. भिक्षूंची पाण्याची कुंडिका बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियातून चीनला गेली. पाणी खांद्यावरच्या तोटीतून भरायचं आणि वरच्या बारीक नळीतून ओतायचं. डिंगच्या कुंभाराने घाट तसाच ठेवला आणि तोटीला आपला ड्रॅगन दिला, तोंड उघडं, दात दिसणारे, मान ताठ.

पोटावर कमळाच्या पाकळ्यांचे थर आहेत, एकावर एक, बुद्धमूर्तीच्या पद्मासनावर असतात तसे. मी काचेला नाक लावून बघितलं. प्रत्येक पाकळीची कड सुरीने तिरपी कापलीय, म्हणजे पाकळी वर आल्यासारखी दिसते आणि तिच्या खालची बुडते. वेलबुट्टीच्या पट्ट्यात रेषा बारीक आहेत, तिथे टोकदार हत्यार वापरलं असणार. झिलई कापलेल्या कडेपाशी साचून पिवळसर झालीय आणि पाकळीच्या मध्यावर इतकी पातळ आहे की खालची माती जाणवते. दोन-तीन पाकळ्या शेजारणींपेक्षा अरुंद आहेत. चाकावरच्या गोल भांड्याला हाताने सारखे भाग पाडत गेलं की शेवटी उरलेल्या जागेत शेवटच्या पाकळ्या दाटीवाटीने बसवाव्या लागतात. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा हात मला तिथे ओळखू आला.

जवळच पांढऱ्या झिलईचा शंख आहे, जिंगझी मंदिरातला. खऱ्या शंखाच्या आकाराचा, वळशांवर पाण्याच्या लाटांच्या रेषा कोरलेल्या. शंख फुंकणाऱ्या देशातून आलेल्या मला तो समुद्रापासून इतक्या दूर, मक्याच्या मुलखात बघून भरून आलं. समुद्राची खूण म्हणून कुणीतरी मातीवर लाटा काढल्या आणि त्या बुद्धाला वाहिल्या.

या दालनातली बरीच भांडी बघितल्यावर एक गोष्ट लक्षात येते. दहाव्या शतकाच्या शेवटापर्यंत नक्षी म्हणजे मुख्यतः बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या. सारख्या, गोलाकार, पूजेच्या शिस्तीतल्या. बीजिंगच्या वाडग्यात बघितलेलं एकटं, वाऱ्यावर डुलणारं कमळ इथे नाही. ते पुढच्या शंभर वर्षांत आलं. देवासमोरचं फूल आधी होतं, तळ्यातलं नंतर.

संध्याकाळी गावातल्या जुन्या कन्फ्यूशियस मंदिरात गेलो. कवी सू शी १०९३ मध्ये इथे अधिकारी म्हणून आला होता, त्याने लावली म्हणून सांगतात अशी दोन झाडं तिथे आहेत. फार रेंगाळलो नाही.

गुरुवार : छूयांग, लिंगशान, जियानत्सी

डिंग भांडी डिंगझोऊत होत नसत. भट्ट्या होत्या शेजारच्या छूयांग तालुक्यात, लिंगशानजवळच्या जियानत्सी गावात. सोंग काळात हा भाग डिंगझोऊच्या अमलाखाली होता, त्यावरून नाव पडलं. भाड्याची गाडी केली. पश्चिमेला ताइहांग डोंगराच्या टेकड्या जवळ येऊ लागल्या, पर्सिमनच्या झाडांना केशरी फळं लगडलेली आणि पानं झडत आलेली. छूयांग संगमरवराच्या मूर्तिकामासाठी प्रसिद्ध आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिंह, देव आणि घोडे उघड्यावर उभे असतात. दगडावर छिन्नी चालवणाऱ्यांच्या गावात मातीवर सुरी चालवणारे निपजले, हे मला अगदी साहजिक वाटलं.

जियानत्सीची नेमकी जागा विसाव्या शतकातच कळली. १९३० च्या दशकात चिनी अभ्यासक ये लिनझी यांनी तिच्याबद्दल लिहिलं, १९४१ मध्ये जपानी संशोधक कोयामा फुजिओ तिथे जाऊन खापरं गोळा करून आले. पुढे चिनी पुरातत्त्वज्ञांनी अनेकदा खोदकाम केलं, २००९ मध्येही मोठं झालं. तांग काळापासून (सातवं ते दहावं शतक) युआन काळापर्यंत (तेरावं-चौदावं शतक), म्हणजे काही शतकं, इथे भट्ट्या पेटत होत्या.

गावाबाहेर शेतात टेकाडं दिसतात. जवळ गेलं की कळतं, ती माती नव्हे, ती खापरांची आहेत. फुटकी भांडी, भाजण्याच्या पेट्यांचे तुकडे, पालथे वाडगे टेकवायच्या कड्या आणि कोळशाची राख. काही ढीग एकेकाळी पंधरा मीटर उंच होते. आता सगळं कुंपणात आणि संरक्षणात आहे. खापर उचलायचं नाही, विकत तर मुळीच घ्यायचं नाही. मी वाकून, हात पाठीमागे बांधून बघत राहिले.

उत्खननाच्या खड्ड्यांवर छप्पर घातलंय, शेजारच्या दालनात तुकडे मांडलेत. माझ्यासारखीला तुकडा हा आख्ख्या भांड्यापेक्षा जास्त सांगतो, कारण फुटलेली कड दिसते. माती आतूनही पांढरी आणि घट्ट आहे, वर वेगळा पांढरा लेप चढवलेला नाही. जाडी दोन-तीन मिलिमीटर. त्यातला अर्धा मिलिमीटर कापून नक्षी करायची! बाहेरच्या बाजूला आडव्या बारीक रेषा आहेत, भांडं चाकावर फिरवून बाहेरून तासल्याच्या. त्यांवरून झिलईचे ओघळ आलेत, वाहून थिजलेले. जुन्या चिनी रसिकांना हे ओघळ दोष वाटत नसत, अस्सलपणाची खूण वाटत.

आणि रंगाचं कारण इथे पायाखालीच आहे. लिंगशान भागात कोळसा मिळतो. सुरुवातीला भट्ट्या लाकडावर चालत, तेव्हाच्या भांड्यांत किंचित निळसर झाक आहे. कोळसा आला तशी भट्टीत हवा जास्त खेळू लागली, झिलईतल्या लोहाच्या अंशाने ऊबदार पिवळसर छटा घेतली. हा बदल झाला नसता तर डिंगची नक्षी आपल्याला आवडते तशी दिसलीच नसती. खोल रेषेत साचलेली झिलई मध्यावरच्या पातळ झिलईपेक्षा पिवळी दिसते, ती या छटेमुळेच.

एका तुकड्यावर ड्रॅगनचं अंग होतं, तीन नखांचा पंजा स्पष्ट. काही तुकड्यांवर 'शांगशिजू' ही अक्षरं कोरलेली आहेत. हे राजवाड्याच्या खानपान खात्याचं नाव. सोंग काळातल्या एका टिपणात असं आहे, की डिंग भांड्यांचा कोरा काठ दरबाराला चालेना म्हणून रूझोऊ या दुसऱ्या ठिकाणच्या भट्ट्यांना हिरवट भांडी करायला सांगितली. पुष्कळ लोक हे वाक्य डिंगच्या शेवटासारखं सांगतात. पण ज्या गावात राजाच्या स्वयंपाकघराचं नाव कोरलेले तुकडे निघतात, त्या गावाचा माल राजाने टाकला होता असं मी तरी मानणार नाही. काठ आवडला नसेल, नक्षी नक्कीच आवडली होती.

दुपारी छूयांगमध्ये एका कार्यशाळेत गेलो. युआन काळानंतर बंद पडलेलं हे काम १९७० च्या दशकात नव्याने सुरू करण्याचे प्रयत्न झाले, आणि २००८ मध्ये ते देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. एक बाई कच्चा वाडगा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माती बोटाला लागणार नाही इतपत सुकलेली, पण कापली जाईल इतपत ओली. हत्याराचं पातं तिरपं धरून त्यांनी देठ ओढला: एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उतरता काप. मग दोन टोकांच्या हत्याराने त्याच्या शेजारून एक बारीक समांतर रेघ. ही जोडरेघ डिंगची ओळख. पाकळ्यांच्या आत फणीसारख्या हत्याराने शिरा ओढल्या. अख्खं कमळ व्हायला फार वेळ लागला नाही. मध्ये कुठे हात थांबला नाही, पेन्सिलने आधी काढलेलं काही नव्हतं.

ताईने विचारलं, "हात घसरला तर?"

बाई म्हणाल्या, "मग वाडगा परत मातीत." आणि हसून पुढचा घेतला.

शुक्रवार : छूयांग ते शिजियाझुआंग

सकाळी बेइयुए मंदिर. त्याचं १२७० मध्ये बांधलेलं लाकडी देवालय आणि आतली प्रचंड भित्तिचित्रं वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच सांगते, की गावात आलात तर ते चुकवू नका. दुपारी शिजियाझुआंगला पोचलो आणि लवकर झोपलो.

शनिवार : शिजियाझुआंग

इथे येऊन डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना भेटल्याशिवाय मराठी माणसाने जाऊ नये. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला आले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी गेले. ते गेले तो टांग तालुका छूयांगला लागूनच आहे. गुरुवारी आम्ही फिरलो ते डोंगर त्यांनी पायाखाली घातलेले. शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत, कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांच्याप्रमाणे, त्यांची समाधी आणि पुतळा आहे. एक शाळकरी मुलगा आजीबरोबर फुलं घेऊन आला होता. ताईने त्याला सांगितलं, आम्ही त्यांच्या मुलखातल्या. आजीने आमचे हात हातात घेतले.

तिथून हबेई संग्रहालय. प्रांतातल्या नामांकित भट्ट्यांचं इथे स्वतंत्र दालन आहे. आधी शिंग भट्टीची भांडी, तांग काळातली, शुभ्र आणि बहुतेक बिननक्षीची. डिंगच्या कुंभारांनी पांढरं करायला यांच्याकडून शिकून घेतलं. मग डिंग, आणि त्यातही मला राहिलेला भाग बघायचा होता: साच्यातली नक्षी.

सोंग काळातच ही पद्धत आली. ११२७ मध्ये जुर्चेन लोकांनी उत्तर चीन घेतल्यावर, त्यांच्या जिन राजवटीत, ती भरभराटीला आली. घुमटासारख्या मातीच्या साच्यावर नक्षी खोल कोरून साचा भाजायचा. त्यावर कच्चा वाडगा पालथा घालून थापटला की आत नक्षी उठून येते. असे साचे सापडलेत, एकावर ११८४ साल कोरलेलं आहे.

या नक्षीत मोकळी जागा जवळपास नसतेच. काठाखाली कोनाकृती नागमोडी पट्टा, त्याखाली उंचवट्याच्या रेषांनी पाडलेले सहा भाग, प्रत्येक भागात फुलं, मध्यभागी पुन्हा वेगळं चित्र. कमळाच्या तळ्यात पोहणारी बदकांची जोडी. शेवाळात मासे. वेलींना धरून लोंबकळणारी गुबगुबीत मुलं, म्हणजे घरात पुष्कळ मुलं होवोत ही इच्छा. बियांनी भरलेलं डाळिंबही त्याचसाठी. पेओनीची फुलं तर सगळीकडे, ती समृद्धीची. एका ताटात बदकाच्या शेपटीची पिसं मोजता येतील इतकी साफ होती आणि पाण्याच्या रेषा कुठेही एकमेकींत मिसळल्या नव्हत्या.

हा दाट, मापात बसवलेला आराखडा मातीचा वाटत नाही, विणलेला वाटतो. डिंगझोऊ सोंग काळात रेशमी नक्षीविणकामासाठी नावाजलेलं होतं आणि साच्यातली नक्षी त्या कापडावरून आली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. ते विणकाम आपल्या पैठणीच्या पदरासारखं: प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या बुट्टीपुरताच जातो आणि तिथूनच परत फिरतो. मला हे मत पटतं. काठाची पट्टी, आत भाग, मध्यात मुख्य बुट्टी, ही रचना करणाऱ्याने कधीतरी मागाजवळ उभं राहून बघितलंय.

माझा कौल मात्र सुरीच्या कमळालाच. साच्यातलं बदक कितीही देखणं असलं तरी ते दुसऱ्या ताटात हुबेहूब तसंच असतं. कोरलेल्या देठाचं वळण एकदाच येतं. तरीही साच्याला कमी लेखणं अन्याय होईल, कारण तो मूळ साचा कोरणाऱ्याला सगळं उलटं, खोलगट, आणि एका घुमटावर विचार करून काढावं लागे. आणि त्याच्या त्या कौशल्यामुळे राजाच्या पंगतीबाहेरच्या कितीतरी घरांत बदकं आणि मुलं पोचली. पुढे दूर दक्षिणेत जिंगदेझनच्या कुंभारांनीही या नक्षीची नक्कल केली.

कुणाला हा मार्ग करायचा असेल तर: सोमवारी संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे मंगळवारी सुरुवात करा. पासपोर्ट सतत जवळ ठेवा. जियानत्सीला थेट जाणारी सोय शोधत बसण्यापेक्षा डिंगझोऊहून दिवसभराची गाडी ठरवा. आणि शक्य असेल तर बीजिंगचा राजवाडा शेवटी ठेवा. आधी डिंगझोऊच्या तळघरांतल्या पाकळ्या, मग जियानत्सीचे तुकडे, मग शिजियाझुआंगचे साचे बघितलेत, तर बीजिंगच्या वाडग्यातलं कमळ शोधायला कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.